लायब्ररीची बिल्ड आणि टेस्ट आपोआप: पहिल्या पुशपासून पायपीआयपर्यंत

आपण लिहिलेली लायब्ररी आपल्याच लॅपटॉपवर चालते, यातून फारसं काही सिद्ध होत नाही. त्या लॅपटॉपवर कधीकाळी टाकलेलं एखादं पॅकेज असतं, प्रोजेक्टच्या फोल्डरात एखादी डेटा फाइल पडलेली असते, घड्याळ भारताच्या वेळेवर असतं आणि ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या हातातली असते. लायब्ररी उतरवून घेणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला विद्यार्थी सबमिशनच्या आदल्या रात्री ती पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून पिप या इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने घेतो, पहिल्याच इम्पोर्टला एरर येते, आणि तो तुम्हाला कळवत बसत नाही. तो दुसरी लायब्ररी शोधतो.

बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणं, ज्याला आपण सगळे सीआय (कंटिन्युअस इंटिग्रेशन) म्हणतो, ते या अनोळखी वापरणाऱ्याच्या जागी दर बदलानंतर उभं राहून बघण्यासाठी असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत. एखादी पायरी घ्यावी की सोडावी असा प्रश्न पडला, तर तिने आपण त्या वापरणाऱ्याच्या जवळ जातो का, एवढंच बघा.

उदाहरणाला ‘गावनाव’ नावाची एक छोटी पायथन लायब्ररी धरू. कोणी कसंही लिहिलेलं गावाचं नाव घ्यायचं आणि त्याचं ठरलेलं देवनागरी रूप व तालुका परत द्यायचा, एवढंच तिचं काम. गोव्यात हे दिसतं तितकं सोपं नाही. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, सरकारी कामकाजात मराठीचाही वापर होतो, आणि रोमी कोंकणी तर घराघरांत आहे. त्यामुळे एकाच यादीत पणजी आणि पंजिम, मडगाव आणि मार्गाव, काणकोण आणि कानाकोना शेजारी शेजारी येतात. म्हापशाच्या जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये तर सी अक्षराला खाली शेपटीही आहे. जुन्या याद्यांत तालुके ११, आताच्या यादीत धारबांदोडा धरून १२. म्हणजे लायब्ररीत कोड थोडा आणि डेटा जास्त, आणि तो डेटा एका सीएसव्ही फाइलीत पॅकेजच्या आतच ठेवलेला.

यंत्रणा गिटहब ॲक्शन्सची, म्हणजे कोड ठेवायच्या गिटहब या साइटवरच्या सीआयची, घेतली आहे. नोव्हेंबर २०१९पासून ती सर्वांसाठी खुली आहे आणि सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा इतिहास जिथे राहतो ती जागा) तिची नेहमीची मशीनं फुकट मिळतात. गिटलॅब वापरत असाल तर फाइलीचं नाव आणि काही शब्द बदलतील, विचार तोच राहील. फाइलीतले कळीचे शब्द इथे उच्चाराने दिले आहेत, प्रत्यक्षात ते इंग्रजी स्पेलिंगने लहान अक्षरांत लिहायचे.

पहिली पायरी: घराची मांडणी

सीआयच्या फाइलीला हात लावण्याआधी तुमच्या मशीनवर एका कमांडने सगळ्या टेस्ट चालल्या पाहिजेत. ‘आधी हे एक्स्पोर्ट कर, मग त्या फोल्डरात जा, मग चालव’ अशी प्रार्थना लागत असेल, तर ती आधी मोडा.

रिपॉझिटरीच्या मुळाशी पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही फाइल ठेवा. नाव, आवृत्ती, किमान पायथन आवृत्ती, अवलंबून असलेली पॅकेजं, सगळं तिच्यातच. टेस्टसाठी लागणारी पॅकेजं ‘ऑप्शनल डिपेंडन्सीज’मध्ये ‘टेस्ट’ या गटात वेगळी लिहा. लायब्ररीचा कोड मात्र मुळाशी थेट ठेवू नका. एसआरसी नावाच्या फोल्डरात गावनाव ठेवा आणि टेस्ट्स हा फोल्डर एसआरसीच्या बाहेर, त्याच्या शेजारी.

एसआरसीचा आग्रह कशासाठी? गावनाव हे फोल्डर मुळाशीच असेल तर पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनासाठी ‘पायथन डॅश-एम पायटेस्ट’ म्हटल्यावर चालू फोल्डर इम्पोर्टच्या रस्त्यात सगळ्यात पुढे येतं. मग टेस्ट तुमच्या डोळ्यांसमोरचा कोड तपासतात, इन्स्टॉल झालेलं पॅकेज तपासत नाहीत. सीएसव्ही फाइल पॅकेजमध्ये जायची राहिली असली तरी फोल्डरात ती असतेच, त्यामुळे सगळं हिरवं. एसआरसीमध्ये टाकल्यावर पॅकेज इन्स्टॉल केल्याशिवाय इम्पोर्टच होत नाही. एका फोल्डरने एवढं काम होतं, आणि तरीही पुष्कळ प्रोजेक्ट ते करत नाहीत याचं मला नवल वाटतं.

डेटा फाइल वाचताना तिचा रस्ता हाताने जोडू नका, प्रमाण लायब्ररीतलं ‘इम्पोर्टलिब रिसोर्सेस’ वापरा. त्यातलं ‘फाइल्स’ हे फंक्शन पायथन ३.९पासून आहे. सेटअपटूल्स वापरत असाल तर ‘पॅकेज डेटा’खाली सीएसव्हीचा उल्लेख स्पष्ट करा.

दुसरी पायरी: पकडणाऱ्या टेस्ट

दोन आणि दोन चार छापाच्या टेस्ट लिहून सीआय लावलं तर ते रोज हिरवा दिवा दाखवेल आणि कोणाच्या उपयोगी पडणार नाही. देवनागरी मजकुराशी खेळणाऱ्या लायब्ररीत कुठे पाय घसरतो ते ठरलेलं आहे, टेस्ट तिथेच लावा.

‘किनाऱ्याजवळ’मधला ऱ्या घ्या. तो दोन पद्धतींनी टाइप होतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमधला यू+०९३१, मग हलन्त, मग य. दुसरी, साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (समान मानलेली वेगवेगळी रूपं एकाच रूपात आणण्याने) हे एकरूप होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानतच नाही. ही बदली तुमच्या कोडने करायची आणि टेस्टने दोन्ही रूपं देऊन एकच उत्तर मागायचं. ‘ॲपार्टमेंट’मधल्या ॲचंही तेच. २००८च्या युनिकोड ५.१मध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली, पण अ आणि त्यावर चंद्र अशी जोडणीही सर्रास येते. उलट म्हापशाच्या पोर्तुगीज स्पेलिंगमधली शेपटी एनएफसीने जुळते: शेपटीसकट एक अक्षर आणि साधं सी अधिक जोडशेपटी, दोन्ही एकच होतात. दोन्ही प्रकारांच्या टेस्ट हव्यात, नाहीतर कोणीतरी ‘नॉर्मलाइझ केलंय ना’ म्हणून ऱ्याची बदली साफसफाईत काढून टाकेल.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या भाषेत, तर खड्डेच खड्डे. पायथनच्या आरई मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्ह काना, मात्रा, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. त्याने ‘फोंडा’चे शब्द शोधले तर ‘फ’ आणि ‘ड’ असे दोन तुकडे हाती येतात. दुसरीकडे बॅकस्लॅश-डी देवनागरी अंक बिनतक्रार स्वीकारतं. फोंड्याचा पिनकोड ‘४०३४०१’ असा देवनागरीत आला तरी सहा अंकांची तपासणी पास होते, आणि पुढे शून्य ते नऊ फक्त इंग्रजी अंक धरणाऱ्या सिस्टिममध्ये तो अडकतो. तुमची लायब्ररी अंक बदलून देणार की नाकारणार हे ठरवा आणि ते टेस्टमध्ये लिहून ठेवा.

क्रमवारीसाठी साळ आणि सावर्डे ही जोडी वापरा. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून सावर्डे आधी, साळ नंतर. युनिकोडमध्ये ळ ची जागा ल आणि व यांच्या मध्ये आहे, त्यामुळे साधं सॉर्ट साळ आधी टाकतं. तालुक्यातल्या गावांची यादी छापून देणाऱ्या लायब्ररीत ही चूक पहिल्याच आजोबांना दिसेल.

कव्हरेज टक्केवारीच्या, म्हणजे टेस्टमध्ये किती टक्के कोड चालला त्या आकड्याच्या, मागे लागू नका. या पाच-सहा टेस्ट नसलेलं ९५ टक्के कव्हरेज मला नको.

तिसरी पायरी: पहिली फाइल, शक्य तितकी लहान

रिपॉझिटरीत ‘डॉट गिटहब’ फोल्डर, त्यात ‘वर्कफ्लोज’ फोल्डर, त्यात ‘सीआय डॉट वायएमएल’ ही फाइल. ही फाइल यॅमल नावाच्या मांडणीत असते; यॅमलमध्ये टॅब चालत नाही, स्पेस द्या. फाइलीत वरून खाली एवढंच:

१. ‘नेम’: काहीही, सुटसुटीत.
२. ‘ऑन’: मेन शाखेवर ‘पुश’ (आपले बदल गिटहबवर पाठवणं), आणि ‘पुल रिक्वेस्ट’ (बदल मेनमध्ये घ्या अशी विनंती).
३. ‘परमिशन्स’: ‘कंटेंट्स’ला फक्त ‘रीड’.
४. ‘जॉब्स’खाली एकच जॉब, ‘रन्स-ऑन’ला उबुंटूची नेमकी आवृत्ती, ‘टाइमआउट-मिनिट्स’ला १०.
५. ‘स्टेप्स’: कोड उतरवणारी चेकआउट ॲक्शन (ॲक्शन म्हणजे आयती लिहिलेली पायरी), पायथन बसवणारी सेटअप-पायथन ॲक्शन, मग टेस्ट गटासकट लायब्ररी इन्स्टॉल, मग पायटेस्ट.

टाइमआउट विसरू नका. तो दिला नाही तर अडकलेला जॉब ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास, तसाच बसून राहतो. उबुंटूपुढे ‘लेटेस्ट’ न लिहिता आवृत्ती लिहायची, कारण ‘लेटेस्ट’चा अर्थ गिटहब अधूनमधून बदलतं आणि मग तुम्ही काही न करता बिल्ड मोडतो.

पुश करा, ॲक्शन्स टॅबमध्ये हिरवी खूण बघा. आणि मग मुद्दाम एक टेस्ट चुकीची करून पुन्हा पुश करा. लाल होतंय का? ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत. कुठल्याही पायरीचं यश-अपयश कमांडच्या एक्झिट कोडवर, म्हणजे ती संपताना देते त्या आकड्यावर, ठरतं, आणि तो कोड गिळून टाकणं फार सोपं आहे. पायटेस्टचं आउटपुट पाइपने दुसऱ्या कमांडकडे पाठवलं, तर लिनक्स मशीनवर शेल न सांगितलेल्या पायरीत शेवटच्या कमांडचाच कोड धरला जातो. टेस्ट पडली, लॉग लिहिणारी कमांड यशस्वी, निकाल हिरवा. पायरीला ‘शेल: बॅश’ असं स्पष्ट लिहिलं की पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर पायरी पडली) चालू होतं आणि हे थांबतं. विंडोजवर मूळ शेल पॉवरशेल असतं, तिथे एका पायरीत अनेक कमांड लिहिल्या तर मधली पडली तरी गाडी पुढे जाते. म्हणून वर ‘डिफॉल्ट्स’मध्येच सगळ्या मशीनांना बॅश ठरवून टाका.

चौथी पायरी: व्हील बांधा आणि तेच तपासा

या लेखातला कणा हाच आहे. आतापर्यंत आपण रिपॉझिटरीतून इन्स्टॉल करून टेस्ट चालवल्या. वापरणाऱ्याला रिपॉझिटरी मिळत नाही, त्याला व्हील, म्हणजे इन्स्टॉलला तयार बांधलेलं पॅकेज, मिळतं.

म्हणून जॉब दोन करा. पहिल्या ‘बिल्ड’ जॉबमध्ये ‘बिल्ड’ हे पॅकेज बसवून ‘पायथन डॅश-एम बिल्ड’ चालवा. त्यातून डिस्ट फोल्डरात दोन गोष्टी पडतात: एसडिस्ट (मूळ कोडचं गाठोडं) आणि व्हील. ही कमांड आधी एसडिस्ट बनवते आणि मग एसडिस्टमधून व्हील, त्यामुळे एसडिस्टमध्ये काही राहून गेलं असेल तर तेही इथे उघडं पडतं. मग ‘ट्वाइन चेक’ने मेटाडेटा ठीक आहे का बघा आणि डिस्ट फोल्डर आर्टिफॅक्ट (रन संपल्यावरही गिटहबवर राहणाऱ्या फाइली) म्हणून अपलोड करा. आर्टिफॅक्ट नव्वद दिवस राहतात, पुल रिक्वेस्टच्या बिल्डना पाच दिवस पुरे, मुदत तशी द्या.

दुसऱ्या ‘टेस्ट’ जॉबला ‘नीड्स: बिल्ड’ लावा. तो आर्टिफॅक्ट उतरवतो, त्यातलं व्हील इन्स्टॉल करतो, टेस्टची पॅकेजं घालतो आणि टेस्ट्स फोल्डर चालवतो. टेस्टच्या फाइली हव्यात म्हणून चेकआउट इथेही लागतं, पण कोड एसआरसीत असल्यामुळे तो चुकून इम्पोर्ट होत नाही. पायटेस्टच्या सेटिंगमध्ये ‘पायथनपाथ’ला एसआरसी दिलेलं असेल तर ते आता काढा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

एक छोटी टेस्ट खास याच जॉबसाठी लिहा: डेटा फाइल उघडा, १२ तालुके मोजा, त्यात धारबांदोडा आहे का बघा. सीएसव्ही व्हीलमध्ये गेली नसेल तर ती पहिल्या फटक्यात पडेल.

पाचवी पायरी: मॅट्रिक्स

‘स्ट्रॅटेजी’खाली ‘मॅट्रिक्स’ लिहिलं की एकच जॉब वेगवेगळ्या पायथन आवृत्त्यांवर आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. आवृत्त्या अवतरणचिन्हांत लिहा. अवतरण नसेल तर यॅमल ३.१० ला दशांश संख्या समजून ३.१ करतं आणि मग ३.१ नावाची आवृत्ती सापडत नाही म्हणून जॉब आपटतो. ‘फेल-फास्ट’ मुळात चालू असतं, एक जॉब पडला की बाकीचे रद्द. ते बंद करा. सगळीकडे पडतंय की फक्त विंडोजवर, हीच तर माहिती हवी असते.

किती आवृत्त्या? प्रत्येक पायथन आवृत्तीला सुमारे पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५मध्ये संपली. जिवंत आवृत्त्या सगळ्या लिनक्सवर, आणि विंडोज-मॅकवर सगळ्यात जुनी व सगळ्यात नवी, एवढं पुरतं. चौकोन भरायचा म्हणून भरू नका. खासगी रिपॉझिटरीत मिनिटं मोजली जातात आणि लिनक्सपेक्षा विंडोज महाग, मॅक त्याहून महाग पडतं.

विंडोज मात्र सोडू नका. तुम्ही उबुंटूवर काम करत असाल, पण पणजीतल्या सीएच्या ऑफिसात आणि पंचायतीत विंडोजच असतं. तिथे पायथनचं ‘ओपन’ फंक्शन एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) न सांगता वापरलं तर मशीनचं स्थानिक एन्कोडिंग धरतं, इंग्रजी विंडोजवर बहुधा सीपी१२५२. आता गंमत बघा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. हलन्ताची शेवटची बाइट सोळाच्या पायात ८डी, ह्रस्व उकाराची ८१. या दोन्ही जागा सीपी१२५२मध्ये रिकाम्या आहेत, म्हणून ‘म्हापसा’ किंवा ‘कुडचडे’ वाचताना डीकोड एरर येते आणि निदान कळतं तरी. ‘पणजी’, ‘फोंडा’, ‘मडगाव’ यांच्यातल्या एकाही बाइटची जागा रिकामी नाही. ती नावं एकही एरर न देता कचरा होऊन वाचली जातात. म्हणजे टेस्टच्या नमुन्यात फक्त पणजी-मडगाव असेल आणि टेस्ट ‘फाइल उघडली का’ एवढंच विचारत असेल, तर विंडोजवरही हिरवा दिवा लागेल. नमुन्यात जोडाक्षरं आणि उकार ठेवा, आणि वाचलेला मजकूर अक्षराला अक्षर ताडून बघा. कोडमध्ये अर्थातच दर ठिकाणी एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहा. पायथन ३.१५पासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचं ठरलं आहे, पण जुन्या आवृत्त्या अजून वर्षानुवर्षं लोकांच्या मशीनवर असणार.

घड्याळाचंही तसंच. गिटहबची मशीनं यूटीसी वेळेवर चालतात. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात गोव्यात आजची तारीख असते आणि तिथे अजून कालची. ‘आज’वर अवलंबून असलेली टेस्ट रात्री जागून कोड लिहिणाऱ्यालाच पडते, दिवसा पडत नाही. टेस्टमध्ये तारीख हाताने द्या, घड्याळाला विचारू नका.

सहावी पायरी: वेग आणि रात्रपाळी

सेटअप-पायथनला ‘कॅश: पिप’ सांगितलं की उतरवलेली पॅकेजं पुढच्या वेळी तयार मिळतात. लहान लायब्ररीला यापलीकडे कॅशच्या भानगडीत पडायची गरज नाही. ‘कन्करन्सी’खाली शाखेच्या नावाचा गट करून ‘कॅन्सल-इन-प्रोग्रेस’ चालू करा, म्हणजे एकापाठोपाठ एक पुश केले की जुने रन आपोआप थांबतात.

तुम्ही महिनाभर काही लिहिलं नाही तरी लायब्ररी मोडू शकते, कारण ती ज्यांवर उभी आहे ती पॅकेजं बदलत राहतात. म्हणून ‘शेड्यूल’ लावून आठवड्यातून एक-दोनदा तीच फाइल चालवा. क्रॉनची, म्हणजे शेड्यूलमधल्या वेळापत्रकाच्या ओळीची, वेळ यूटीसीत लिहा: आपल्याकडे पहाटे तीन हवे असतील तर आदल्या रात्रीचे साडेनऊ. वारही त्याप्रमाणे एक मागे. ठोक्याला म्हणजे शून्य मिनिटाला लावू नका, त्या वेळी गर्दी असते आणि रन उशिरा लागतो. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब हे शेड्यूल बंद करतं, तेव्हा शांत पडलेल्या लायब्ररीकडे अधूनमधून बघायला हवं.

पावसाळ्यात सत्तरी-सांगेकडे वीज गेली की तासन्‌तास येत नाही. सीआय दुसरीकडे चालत असल्यामुळे मोबाइलवरून पुल रिक्वेस्ट बघून निकाल वाचता येतो. लॅपटॉप बंद असला तरी काम अडत नाही, हा फायदा आपल्याकडे जरा जास्तच मोलाचा.

सातवी पायरी: किल्ल्या कोणाकडे

इथे आळस महागात पडतो. मार्च २०२५मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही लोकप्रिय ॲक्शन हल्लेखोरांच्या हाती लागली. त्यांनी तिचे जुने टॅग (आवृत्तीच्या नावाच्या खुणा) वाईट कमिटकडे (कोडच्या एका नोंदवलेल्या बदलाकडे) वळवले आणि ती वापरणाऱ्या रिपॉझिटरींची गुपितं (पासवर्ड, टोकन) बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. २३,०००हून अधिक रिपॉझिटरी ती ॲक्शन वापरत होत्या. ज्यांनी आवृत्तीच्या टॅगऐवजी कमिटचा पूर्ण हॅश (न बदलणारी ओळखखूण) लिहिला होता, त्यांना टॅग हलल्याने फरक पडला नाही.

तेव्हा बाहेरची प्रत्येक ॲक्शन ४० अक्षरांच्या पूर्ण हॅशने लिहा आणि शेजारी कॉमेंटमध्ये आवृत्ती. हॅश हाताने बदलत बसावं लागू नये म्हणून डिपेंडाबॉट या नव्या आवृत्त्या सुचवणाऱ्या गिटहबच्या बॉटला ‘गिटहब-ॲक्शन्स’ बघायला सांगा. मुळात ॲक्शन कमी वापरा. दोन ओळींच्या शेल कमांडने होणाऱ्या कामासाठी कोणा अनोळखी माणसाची ॲक्शन कशाला?

बाहेरच्या माणसाने फोर्कमधून (तुमच्या रिपॉझिटरीच्या त्याने केलेल्या प्रतीतून) पुल रिक्वेस्ट पाठवली तर साध्या ‘पुल रिक्वेस्ट’ ट्रिगरमध्ये त्याच्या कोडला तुमची गुपितं मिळत नाहीत. ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा दुसरा ट्रिगर मात्र मूळ रिपॉझिटरीच्या अधिकारांनी चालतो. त्यात फोर्कचा कोड उतरवून चालवणं म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. टेस्टसाठी तो वापरूच नका.

वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतीतल्या काही ऑफिसांत कोड बाहेरच्या मशीनवर चालवायची परवानगी नसते. तिथे जुन्या डेस्कटॉपवर सेल्फ-होस्टेड रनर (आपल्याच मशीनवर जॉब चालवणारा प्रोग्रॅम) बसवतात, आणि खासगी रिपॉझिटरीला ते चालतं. त्याला यूपीएस द्या, दर जॉब ताज्या कंटेनरमध्ये चालवा. पण असा रनर सार्वजनिक रिपॉझिटरीला कधीही जोडू नका. फोर्क करणारा कोणीही त्या डेस्कटॉपवर, आणि तिथून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये, आपला कोड चालवू शकेल.

आठवी पायरी: लाल असताना मर्ज नाही

सेटिंग्जमध्ये मेन शाखेवर नियम लावा: पुल रिक्वेस्टशिवाय बदल नाही आणि ठरलेले चेक हिरवे झाल्याशिवाय मर्ज (बदल मेनमध्ये मिसळणं) नाही. मॅट्रिक्समुळे इथे एक अडचण येते. दर जॉबचं नाव वेगळं, पायथन आवृत्ती बदलली की नाव बदलतं आणि नियम जुन्या नावाची वाट बघत बसतो. म्हणून शेवटी ‘सगळं ठीक’ असा एक छोटा जॉब ठेवा, ‘नीड्स’मध्ये बाकीचे सगळे जॉब द्या, आणि नियमात फक्त त्याचंच नाव लिहा.

यात एक खोच आहे. आधीचा जॉब पडला की ‘सगळं ठीक’ स्किप होतो, आणि स्किप झालेला जॉब गिटहबच्या लेखी पास असतो! त्यामुळे त्याला ‘इफ: ऑलवेज’ लावायचं आणि आत प्रत्येक जॉबचा निकाल ‘सक्सेस’ आहे का ते तपासून नसेल तर स्वतःहून अपयशी व्हायचं. तसंच, नियमात असलेल्या वर्कफ्लोवर फाइलींच्या रस्त्याचा फिल्टर लावू नका. फक्त रीडमी बदलली तर तो वर्कफ्लो सुरूच होत नाही आणि पुल रिक्वेस्ट ‘पेंडिंग’वर लटकते.

कधी पडणारी, कधी न पडणारी टेस्ट सापडली तर ‘री-रन’ दाबून पुढे जायची सवय लावून घेऊ नका. कारण शोधा, नाहीतर ती टेस्ट काढा. तिच्यामुळे लोक लाल खुणेकडे बघायचंच सोडतात.

नववी पायरी: प्रकाशन

पायपीआयवर चढवण्यासाठी वेगळी फाइल करा आणि ती फक्त ‘व्ही’ने सुरू होणाऱ्या टॅगवर चालू द्या. तिच्यात बिल्ड, मग त्याच व्हीलवर टेस्ट, मग तेच आर्टिफॅक्ट प्रकाशित. प्रकाशनाच्या जॉबमध्ये पुन्हा बिल्ड करायचा नाही, नाहीतर तपासलं एक आणि पाठवलं दुसरं असं होतं. टॅगवरची आवृत्ती आणि पायप्रोजेक्टमधली आवृत्ती जुळते का, हे ताडून बघणारी एक पायरीही बिल्डमध्येच घाला.

पायपीआयचा पासवर्ड किंवा कायमचा टोकन गुपितांत साठवायची आता गरज नाही. एप्रिल २०२३पासून पायपीआयवर ट्रस्टेड पब्लिशिंग आहे: पायपीआयच्या सेटिंगमध्ये रिपॉझिटरीचं नाव, वर्कफ्लो फाइलीचं नाव आणि एन्व्हायर्नमेंट सांगायचं, आणि प्रकाशनाच्या जॉबला, फक्त त्याच जॉबला, ‘आयडी-टोकन: राइट’ ही परवानगी द्यायची. दर वेळी थोड्या वेळापुरता टोकन तयार होतो आणि संपतो. त्या एन्व्हायर्नमेंटला दुसऱ्या माणसाची मंजुरी लावली तर अजून बरं.

पहिल्यांदा टेस्टपायपीआय या सरावाच्या भांडारावर चढवून बघा, कारण खऱ्या पायपीआयवर एकदा चढलेल्या फाइलीचं नाव पुन्हा वापरता येत नाही, ती पुसली तरी नाही. चुकीची आवृत्ती गेलीच तर ती पुसू नका, ‘यँक’ करा. मग पिप नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांना ती देत नाही, पण ज्यांनी नेमकी तीच आवृत्ती आपल्या प्रोजेक्टमध्ये लिहून ठेवली आहे त्यांचं काम चालू राहतं. आणि आकडा एकने वाढवून दुरुस्त आवृत्तीचा टॅग लावा.